निरोपाचे सूर, सरंजामाची माती

दिवाळी संपते न संपते तोच, एखाद्या वर्षी तर ऐन दिवाळीतच, नोव्हेंबरची दोन तारीख येते. त्या दिवशी वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती कबरस्तानांत मेणबत्त्या लागतात. कुणी आईच्या थडग्यावर फुले वाहतो, कुणी आजोबांच्या क्रुसाभोवतीचे गवत उपटतो. आपणही धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमाच्या नावाने दिवा लावतोच. गेलेल्यांची आठवण उजेडात काढावी, ही जाण दोन्ही घरांत सारखी आहे.

या दिवसांत सिल्वासाला गेलो की माझी पावले मध्यवस्तीतल्या पोर्तुगीजकालीन चर्चकडे वळतात. मी ख्रिस्ती नाही. इतिहासाची ओढ असलेला सीमाभागातला एक साधा वाचक आहे. या चर्चचे नाव 'नोसा सेन्योरा दा पिएदाद'. पिएदाद म्हणजे करुणा. क्रुसावरून उतरवलेले मुलाचे कलेवर मांडीवर घेऊन बसलेली मरिया, हे या करुणामातेचे रूप. म्हणजे सिल्वासाच्या ख्रिस्ती समाजाने ज्या देवतेच्या नावाखाली आपला संसार मांडला, ती मुळात एक निरोप घेणारी आई आहे.

दरवेळी एक प्रश्न मनात येतो. परक्या राजवटीने उभारलेली वास्तू त्या मातीतली कधी होते? राज्यकर्ते निघून गेल्यावरही तिथली घंटा वाजत राहते, ती कशाच्या बळावर? त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल.

*

सुरुवात घंटेपासूनच करू. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. त्या विजयानंतर उत्तर कोकणातल्या चर्चमधल्या कितीतरी घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ सालची घंटा त्यांपैकीच. वाईजवळ मेनवलीला, नाना फडणवीसांच्या घाटावर, १७०७ सालची एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती कोरलेली आहे. मिस्साला बोलावणाऱ्या त्या घंटा आरतीला वाजू लागल्या. नाद तोच राहिला, फक्त ऐकणारे कान बदलले.

याच नाना फडणवीसांच्या कारभारात नगरहवेलीचा प्रश्न उद्भवला. १७७२ मध्ये मराठी आरमाराने 'सांताना' नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले होते. दोन्ही सत्तांत सलोखा असताना हे घडले, म्हणून भरपाईची मागणी आली. १७ डिसेंबर १७७९ च्या तहात पेशव्यांनी दमणच्या बाजूचा, वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचे कबूल केले. त्यानुसार १७८३ मध्ये नगरहवेलीतली आणि १७८५ मध्ये आणखी काही गावे त्यांच्याकडे आली. सनदांतला हा हक्क होता सरंजामाचा. सरंजाम म्हणजे उत्पन्न घेण्याचा अधिकार. माती कायमची नावावर होणे नव्हे. पोर्तुगीजांनी मात्र तिथे मालकासारखे राज्य केले. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो हेगपर्यंत जाणार आहे.

१८८५ मध्ये मुख्य ठाणे सिल्वासाला आले आणि गावाला 'व्हिला दे पासो द आर्कुस' असे लांबलचक नाव मिळाले. वारली, धोडिया, कोकणा यांच्या तोंडी ते कधी बसले असेल, असे वाटत नाही. त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात हे चर्च उभे राहिले. मेनवलीच्या घंटेवरची आई बाळाला घेऊन आहे आणि सिल्वासाची आई मुलाच्या कलेवराला. एक आई आमच्या पूर्वजांनी घाटावर नेली. दुसरी, त्यांनीच दिलेल्या सनदेच्या आधाराने, इथे आली.

*

पोर्तुगीज अमलातल्या चर्चने ज्या गोष्टी इथे आणल्या, त्यांतली सर्वांत टिकाऊ म्हणजे संगीत. सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडून शाळा असत आणि त्यांत मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला व व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. शिकवणाऱ्याला मेस्त्रे म्हणत. सण, लग्न, बाप्तिस्मा, मयत, सर्वत्र त्याचे शिष्य हजर असत. विसाव्या शतकात हीच पोरे पोटापाण्यासाठी मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी भरून टाकले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस हे माजोर्डा गावचे. रेडिओवर आपण जी गाणी ऐकत वाढलो, त्यांच्या मागच्या व्हायोलिनांत गोव्याच्या चर्चमधली सकाळ होती, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते?

पण निरोपाची भाषा बराच काळ लॅटिन होती. ज्या आजीने आयुष्यभर आपल्या बोलीत पोरे वाढवली, तिच्या शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडताना म्हटलेले शब्द तिच्या पोरांना कळत नसत. असे नेहमीच होते असे मात्र नाही. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वरांच्या ओवीला आपलेसे केले आणि १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले. ख्रिस्ताचे मरण आणि मरियेचा विलाप त्या पुराणातून लोकांनी मराठीत ऐकला. पुढे राज्यकर्त्यांची मर्जी फिरली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. हुकूम कागदावर राहिला आणि माणसे घरी आपल्याच भाषेत रडत राहिली. रडणे हुकमाने दुसऱ्या भाषेत जात नाही.

ही कोंडी सुटायला १९६३ साल उजाडावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना मोकळीक दिली. वसईत मराठी मिस्सा, मराठी भक्तिगीते, पेटी आणि तबला यांना चर्चमध्ये हक्काची जागा मिळाली. स्टीफन्सने लावलेले रोप साडेतीनशे वर्षांनी पुन्हा पालवले, असे म्हणायला हरकत नाही.

असा एक निरोप मी जवळून पाहिला आहे. माझ्या एका वसईकर मित्राचे वडील गेले. त्यांनी आयुष्यभर वाडी कसली आणि रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवले. त्या दिवशी गायनवृंदातली त्यांची खुर्ची कुणी हलवली नव्हती. वाद्य खुर्चीवर ठेवले होते आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभे राहून मराठीत गाणे म्हटले. सूर कुठे कुठे हलला, पण कुणी थांबले नाही. मग कबरस्तानात प्रत्येकाने मूठमूठ माती टाकली. मीही टाकली. ती ओलसर, काळसर माती बोटांना चिकटून राहिली.

घरी परतल्यावर मित्राची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, "घ्या हो, विकतचं आहे. आपल्या विहिरीचं मचूळ झालं. यांना तेवढंच लागलं होतं शेवटी, विहिरीचं गोड पाणी." मी माजघराच्या दारातून बाहेर पाहिले. विहीर तिथेच होती, काठोकाठ भरलेली.

त्या दिवसापासून दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या करता येत नाहीत. दुपारी आम्ही त्या माणसाला मातीच्या स्वाधीन केले होते आणि संध्याकाळी कळले की ज्या पाण्यावर तो जगला, ते पाणी त्याच्याआधीच गेले होते. त्या पाण्याला कुणी गाऊन निरोप दिला नाही.

*

आता पुन्हा सिल्वासाकडे. १९५४ च्या जुलैत दादरा आणि ऑगस्टच्या २ तारखेला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्याचा इतिहास आपल्या भागात घरोघर सांगितला जातो. विश्वनाथ लवंदे, राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर ही नावे आपण ऐकत आलो. सुधीर फडके त्या मोहिमेत होते आणि तिच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. तेव्हा या मुक्तीच्या मुळाशीही गाणे होतेच!

पण त्या इतिहासातली एक बाजू आपण भराभर ओलांडून जातो. दादऱ्यावर प्रथम चालून गेलेल्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सचे नेते होते फ्रान्सिस मस्करेन्हस; त्यांच्याबरोबर वामन देसाई होते. आणि दादऱ्याच्या चौकीवर जो पोलीस अधिकारी मारला गेला, त्याचे नाव अनिसेतो रोझारियो. एक मुक्तिसैनिक, दुसरा परकीय सत्तेचा शिपाई. दोघांचीही नावे ख्रिस्ती. 'चर्च म्हणजे पोर्तुगीज' असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी या दोन नावांपाशी क्षणभर थांबावे. राजवट एक गोष्ट आहे आणि श्रद्धा दुसरी, हे त्या रात्री दादऱ्यात सिद्ध झाले. मुक्तिसैनिकाचे स्मरण आपण करतो, ते योग्यच. पण चौकीवरच्या त्या माणसासाठीही कुठल्या तरी घरात मेणबत्ती लागली असेल, हेही करुणामातेच्या दारात उभे राहिल्यावर आठवते.

पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. तिथे १७७९ चा तह आणि पुढच्या सनदा बाहेर निघाल्या, मराठी आणि पोर्तुगीज मजकूर ताडून पाहिले गेले आणि आपला 'सरंजाम' हा शब्द जगभरच्या न्यायाधीशांपुढे उभा राहिला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मान्य केली होती, हेही म्हटले. सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला नाही. वरिष्ठ पंचायतीच्या कारभारानंतर ११ ऑगस्ट १९६१ रोजी प्रदेश भारतात विलीन झाला. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण-दीवशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश आहे.

सीमा अशा बदलत राहिल्या. चर्चची सीमा मात्र निराळीच राहिली. सिल्वासाचे चर्च आजही गोवा आणि दमणच्या महाधर्मप्रांतात मोडते. पलीकडे तलासरीत गेलात की १९९८ मध्ये स्थापन झालेला वसई धर्मप्रांत लागतो, वापीकडे वळलात की बडोद्याचा. तीन राज्यकारभार, तीन धर्मप्रांत, चार-पाच भाषा. नदी मात्र सर्वांची एकच, दमणगंगा.

*

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी सुमारे १३१ किलोमीटर वाहते. मधुबन धरणाखालून सिल्वासाकडे, तिथून वापीकडे आणि दमणला समुद्रात. १९६१ मध्ये दादरा-नगरहवेलीची लोकसंख्या अठ्ठावन्न हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ३ लाख ४३ हजार ७०९ झाली. करसवलतींच्या आधाराने कारखाने आले, कामगार आले, चाळी वाढल्या. आदिवासींचे प्रमाण २००१ मध्ये सुमारे ६२ टक्के होते, ते दहा वर्षांत ५२ वर आले. खाली वापीत काय झाले, ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात दिसले. ८८.०९ गुणांनी वापी देशात दुसरी होती. तिच्यापुढे फक्त अंकलेश्वर.

कारखाने नकोत, असे मी म्हणत नाही. त्यांच्या पगारावर आपल्याच भागातली हजारो घरे उभी राहिली. पण निरोपाचा विचार करा. हिंदू माणूस आपल्या माणसाची रक्षा पाण्यात सोडतो. ख्रिस्ती आणि मुसलमान आपले माणूस मातीत ठेवतो. म्हणजे शेवटचा निरोप द्यायलासुद्धा माती आणि पाणी लागते. ती दोन्ही आपण नासवली, तर आपल्या मृतांना ठेवणार कुठे?

हे जुन्या लोकांना कळत होते. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२५ च्या सुमारास, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, एक स्तोत्र रचले. सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी आणि माती या साऱ्यांना त्यांनी भाऊ-बहिणी म्हटले. रचना लॅटिनमध्ये न करता आपल्या उंब्रिया प्रांताच्या बोलीत केली. पुढच्या वर्षी, मरण जवळ आले तेव्हा, त्यांनी त्याच स्तोत्राला आणखी एक कडवे जोडले आणि त्यात मृत्यूलाही बहीण म्हटले. सोबत्यांनी ते त्यांच्या अखेरच्या दिवसांत गाऊन दाखवले. निसर्गाची स्तुती आणि शेवटचा निरोप एकाच गाण्यात आले. त्या स्तोत्राच्या जुन्या हस्तलिखितात सुरांसाठी जागा राखलेली आहे, पण ती कोरीच आहे. शब्द उरले, चाल हरवली.

२०१५ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या जतनावर जे परिपत्रक काढले, त्याचे 'लाउदातो सी' हे नाव याच स्तोत्रातून घेतले आहे. त्या लेखनाचा गाभा थोडक्यात सांगायचा, तर माणूस पृथ्वीचा मालक नाही, राखणदार आहे. ते वाचताना मला आपला जुना शब्द आठवला. सरंजाम! उत्पन्न घ्या, पण माती तुमची नाही. जे पोर्तुगीजांना हेगमध्ये ऐकावे लागले, तेच आपणा सर्वांना लागू आहे.

पोपसाहेबांनी सांगण्याआधीही आपल्या भागातला ख्रिस्ती समाज हे आचरत होता. वसईच्या बाजूला ऑक्टोबरात आगेरा होतो. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेतात आणि मगच नवे अन्न घरात शिजते. वारली घरात कणसरीचा मान तसाच. भात कापून झाले की तारपा निघतो. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचे ते वाद्य. आपल्या घरची नवान्न पौर्णिमाही त्याच गोतावळ्यातली.

हीच श्रद्धा रस्त्यावरही उतरली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवळ बांधकामांच्या तोंडी जाऊ लागली, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी होते नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, आणि पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. धर्मगुरूने पाण्यासाठी मोर्चा का काढावा, असे विचारणारे तेव्हाही होते. त्याचे उत्तर माझ्या मित्राच्या घरातल्या त्या तांब्यात होते. लढा पूर्ण यशस्वी झाला, असे म्हणता येणार नाही. वसई-विरारकडे पाहिले तरी ते कळते. पण त्या आंदोलनात हिंदू शेतकरी, ख्रिस्ती वाडीवाले, मच्छीमार एकत्र आले, हे कोण नाकारील? २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांची आठवण मराठी साहित्यिक म्हणून काढली तशी वसईच्या मातीचा राखणदार म्हणूनही काढली.

*

तर परक्यांनी बांधलेली वास्तू मातीतली कधी होते, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला मिळाले आहे. तिथे आपल्या माणसाला आपल्या भाषेत गाऊन निरोप देता येऊ लागला, आणि ज्या मातीत त्याला ठेवायचे तिची काळजी तिथल्या लोकांनी आपली मानली, की ती वास्तू परकी राहत नाही. मग तिची घंटा वसईहून नाशिकला गेली काय किंवा लिस्बनचा झेंडा उतरून दुसरा चढला काय, फारसा फरक पडत नाही.

हे फक्त चर्चला लागू आहे असेही नाही. सिल्वासात आज मंदिरे आहेत, मशिदी आहेत, आमच्यासारख्यांची मराठी आणि गुजराती मंडळे आहेत. आपण सारेच इथे कुठून ना कुठून आलो. वारली आणि कोकणा आपल्या आधीपासून होते. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमनाने पोर्तुगीज काळातले अल्वारा आणि तेरम हे हक्क रद्द केले, त्यामागे त्यांच्याच जमिनीचे दुःख होते. आपण या भूमीचे होण्याची अटही तीच आहे.

गेल्या खेपेस मी चर्चमधून निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. नदीवर गेलो. वरच्या अंगाला पाणी अजून निवळ दिसत होते. एक म्हातारा माणूस द्रोणात दिवा ठेवून तो प्रवाहात सोडत होता. कुणासाठी, ते मी विचारले नाही. दिवा काठाच्या गवताला अडला, तसे त्याने हाताने पाणी लोटून त्याला पुन्हा धारेला लावले. मीही खाली वाकलो आणि गवतात अडकलेली प्लास्टिकची पिशवी उचलून खिशात घातली. त्याने माझ्याकडे पाहिले, मान हलवली, आणि आम्ही दोघे दिवा वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभे राहिलो.